टिपर चढाला धापा टाकतो

प्रश्न : चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर माझा टिपर खडी वाहतो. चढाला ओढत नाही, काळा धूर सोडतो. मोठा एअर फिल्टर बसवू का?
– एक वाचक, कामण

उत्तर : आधी आहे तो बघा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. तुमच्या धुळीत किलोमीटर मोजून फिल्टर बदलणं फसवं. फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला की बदला. आतला छोटा फिल्टर कधीच झटकू नका, नवाच घाला. टर्बो ते इंटरकूलर होजच्या क्लिपा तपासा. सांध्यावर तेलकट डाग असेल तर बहुधा तिथूनच हवा गळतेय. पैसे घालायचेच तर सायक्लोन प्री-क्लीनरवर घाला. ते तेल लावलेले ‘परफॉर्मन्स’ फिल्टर खडीच्या धंद्यात नकोतच! त्यांतून निसटलेली बारीक धूळ टर्बो आणि लायनर खाते.