दोन मिनिटांच्या व्हिडिओमागचं काम

चि. छोटीस,


विज्ञान प्रदर्शनासाठी तू व्हिडिओ करणार, आणि दोन मिनिटांचा तर आहे म्हणून तो तासाभरात उरकणार, असं तुझ्या बाबांनी कळवलं. कॅमेरा सुरू करण्याआधी दोन माणसांचं काम नीट बघून घे.

पहिलं माणूस आपल्या नगर तालुक्यातलंच. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल 2020 मध्ये त्यांचा किशोरवयीन नातू यश पाठक यानं सुरू केलं. बघताना वाटतं, आजी रोजचा स्वयंपाक करत होत्या आणि कुणी सहज मोबाइल धरला. पण कधी शाळेत न गेलेल्या या आजींना आधी कॅमेऱ्याची भीती घालवावी लागली. बेकिंग पावडर, सॉस असे शब्द नातवाकडून शिकावे लागले. शिवाय जन्मभर नुसत्या अंदाजानं पडत आलेलं तिखट-मीठ आता पहिल्यांदाच भाजी करणाऱ्यालाही कळेल असं सांगायचं होतं. हातात मुरलेलं ज्ञान तोंडानं सांगणं फार अवघड.

दुसरे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते रमले. तिथं काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉल्व्हट्यूब जोडून त्यांनी भूमिती शिकवली : त्रिकोण ताठ राहतो, चौकोन दाबला की कलतो. पुढं पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची साधी मोटर घे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा, एक चुंबक आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते गरागरा फिरतं आणि वाटतं, यात काय एवढं!

सगळी मेख तारेच्या टोकांशी आहे. त्यांवरचा लेप पूर्ण खरवडला, तर पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा पुढच्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो आणि वेटोळं जागीच डुलत राहतं. म्हणून लेपाची एक बाजू मुद्दाम शिल्लक ठेवायची. मग नको त्या वेळी प्रवाह तुटतो आणि मिळालेल्या वेगावर वेटोळं पुढं सरकतं. पडद्यावर ही कृती काही सेकंदांत संपते. पण कॅमेरा नेमका तारेच्या टोकाजवळ गेला नाही, तर बघणाऱ्या मुलाची मोटर फिरणार नाही.

नेमकी गोष्ट अशी पडद्यावर दाखवण्यासाठी काहींना तर साधनंही स्वतःच घडवावी लागतात. अमेरिकेतल्या ग्रँट सँडरसन यांनी आपल्या गणिताच्या व्हिडिओंमधली चित्रं हवी तशी हलवता यावीत म्हणून ‘मॅनिम’ हे सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं.

तेव्हा मोटरचा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघ. कॅमेरा कुठं जवळ गेला, कुठली कृती गाळली, ते वहीत टिपून घे. मग डोळे मिटून फक्त ऐक आणि कुठलं वाक्य काढलं तर काम अडेल ते शोध. त्यानंतर मोटर स्वतःच्या हातानं कर.

तुझा कच्चा व्हिडिओ पाचवी-सहावीतल्या मुलासमोर सामानासकट ठेव. मध्ये बोलू नकोस. तो जिथं थांबेल तिथली वेळ लिही आणि तेवढाच भाग पुन्हा चित्रित कर. ती वही प्रदर्शनात व्हिडिओशेजारीच मांड.

तुझा,
काका
अहिल्यानगर