वर उघडणारे दार आणि लांबलचक नाक

जुन्या मोटारींच्या संग्राहकांत एक वाद नेहमी रंगतो : जर्मनीची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल श्रेष्ठ की इंग्लंडची जग्वार ई-टाइप? वादाचे मूळ शर्यतीत आहे. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९५१ साली जग्वारने जिंकली, १९५२ साली मर्सिडीजने आणि १९५३ साली पुन्हा जग्वारने. शर्यतीच्या गाड्यांतून मिळालेले ज्ञान पुढे या दोन्ही मोटारींत उतरले.

३०० एसएल १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात. हे केवळ शोभेसाठी असावे, असे आम्हांलाही वाटत असे. खरे कारण सांगाड्यात आहे. वजन कमी ठेवण्यासाठी बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून तो तयार केला. मात्र तो पिळला जाऊ नये म्हणून दोन्ही बाजू उंच ठेवाव्या लागल्या. मग नेहमीचे दार बसवायचे कोठे? बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या दोन्ही बाजू मधोमध खोलवर कापा आणि खोके पिळून पाहा. अडचण हातालाच कळेल.

ई-टाइप १९६१ साली जिनिव्हा येथे लोकांपुढे आली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले. मोटारीच्या वक्ररेषा ते लॉगॅरिथमची कोष्टके आणि स्लाइड रूल घेऊन गणिताने मांडत. "लॉगॅरिथम कशाला शिकायचे?" असे घरी विचारले गेले, तर पालकांनी या गाडीचे चित्र दाखवावे. तिचा मधला भाग विमानासारखा पत्र्याच्या बंदिस्त पेटीचा आहे आणि नळ्यांची चौकट फक्त पुढे, इंजिनासाठी. त्यामुळे दारे साधीच राहिली.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची ३०० एसएलची युक्ती काळाच्या फार पुढची होती. परंतु त्या कूपेला ड्रम ब्रेक होते आणि वेगात वळताना तिची मागची बाजू अचानक घसरू शके. ई-टाइपला चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. सात वर्षांनी धाकट्या गाडीशी ही तुलना थोडी अन्यायाचीच. तरी चालवायला आम्ही ई-टाइपच निवडू.

बाजारात मात्र ३०० एसएल कित्येक पट महाग. पंखांच्या दारांची गाडी १,४०० च बनली, ई-टाइप ७२,००० हून अधिक! २००८ साली जग्वार टाटा मोटर्सकडे आली, तेव्हा आपल्यातील काहींचा कौल आधीच ठरलेला असेल.