सुईने गाल शमला, दाढ तशीच राहिली

नोकरीनिमित्त सिंगापूरला राहत असताना माझा उजवा गाल ठणकायला लागला. नाक चोंदलेलं, खाली वाकलं की डोळ्याखाली दडपण, आणि घशात उतरणारा घाण वासाचा स्राव. शेजारच्या चिनी काकू मला त्यांच्या नेहमीच्या, चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. तिथे हा काही आडमार्गाचा उपचार नाही. चिनी वैद्यकासाठी २००० साली कायदा झालेला आहे आणि वैद्यांना सरकारी मंडळाकडे नोंदणी करावीच लागते.

वैद्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली आणि सुया लावल्या. एक भुवयांच्या मधोमध, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात ‘हगू’ बिंदूवर एकेक, आणि नाकपुड्यांच्या कडेला ‘यिंगश्यांग’वर. नाकाजवळची सुई शिरली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. पडल्या पडल्या चेहऱ्यावरचं ओझं उतरत गेलं, श्वास मोकळा झाला. तो आराम खराच होता, पण टिकत नव्हता. दुर्गंधी तर जराही हटेना. दुखणं एकाच बाजूला आहे हे मी सांगत होते, पण त्यावर कुणी थांबून विचार केला नाही. पुढच्या सुयांची तारीख मात्र मिळत गेली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढला तेव्हा उलगडा झाला. रूट कॅनाल केलेल्या वरच्या दाढेच्या मुळाशी पू साचला होता आणि तोच गालाच्या सायनसमध्ये झिरपत होता. दाढ स्वतः अजिबात दुखत नव्हती. ती काढली, औषधं घेतली आणि गाल शांत झाला.

या सायनसचा तळ आणि वरच्या दाढांची मुळं यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच असतो. म्हणून एकाच बाजूचा, वास मारणारा सायनस असेल तर आधी दात तपासून घ्या. सुई दुखणं शमवते, मुळाशी साचलेला पू काढत नाही. आणि दुखणं शमलं की पुढची तपासणी लांबते, खरा धोका तो.

ॲक्युपंक्चर टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. परागकणांच्या ॲलर्जीने शिंका, पाणी, चोंदणं असा त्रास असलेल्या ४२२ जणांवर जर्मनीत अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी नकली सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी थोडा जास्त आराम दिला. सोळाव्या आठवड्यापर्यंत तो फरक उरला नाही. अशा ॲलर्जीत डॉक्टरांचा स्प्रे चालू ठेवून जोडीला सुया घेऊन बघायला हरकत नाही. पण बारा आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या सायनससाठी केवळ सुयांवर विसंबावं, इतका भक्कम आधार नाही.

काढ्यांबाबत मी फार कडक आहे. नाकासाठीच्या जुन्या चिनी काढ्यात मॅग्नोलियाच्या लवदार कळ्या असतात. त्यांची लव घशाला टोचते म्हणून त्या फडक्यात बांधून उकळतात. त्याच काढ्यात ‘त्सांग-अर-झी’ नावाची काटेरी फळं असतात. हे झुडूप आपल्याकडेही पडीक जमिनीवर माजतं, फळं कपड्यांना चिकटतात. ती कच्ची विषारी असतात, यकृताला इजा करतात, म्हणून भाजून आणि मोजूनच वापरायची. काही काढ्यांत ‘मा-ह्वांग’ ही वनस्पती असते, तिच्यातल्या इफेड्रिनने रक्तदाब चढतो. अमेरिकेने २००४ मध्ये पूरक आहारातून ते बंद केलं. तेव्हा काढ्याच्या पुडीत काय काय आहे ते नावानिशी लिहून मागा आणि तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा. नावं सांगायची तयारी नसेल तर पुडी घेऊ नका.

सुया आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. गरोदर असाल तर तेही सांगा, हगू बिंदू तेव्हा टाळायची पद्धत आहे. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरची परिषद आहे, नोंदणी विचारायला संकोच करू नका.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठरणं, गाल बधिर होणं, चढता ताप, यातलं काहीही दिसलं तर सुया, काढा, वाफ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर तासभरही थांबू नका. २०२१ मध्ये मधुमेहींना विशेषकरून गाठणाऱ्या काळ्या बुरशीने आपल्याकडे कितीतरी जणांचे डोळे आणि वरचे जबडे नेले, आणि त्यातल्या अनेकांची सुरुवात अशाच चोंदलेल्या नाकाने आणि ठणकणाऱ्या गालाने झाली होती.