अंगणातल्या शेगडीसाठी कोळसा कोणता?

प्रश्न : घरामागच्या अंगणात पापलेट आणि पनीर टिक्का भाजायचा आहे. कोळसा कोणता घ्यावा?

उत्तर : दोन्ही पदार्थ झटपट भाजायचे, म्हणून बाभळीसारख्या कठीण लाकडाचा कोळसाच घ्या. त्याची धग कडक, राख कमी. दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघा. खणखणीत वाजला तर कोळसा पक्का आणि कोरडा. आतून तपकिरी निघाला तर तो अर्धवट जळलेला, धूर फार करेल. तासन्‌तास मंद आच हवी असेल तरच करवंटीच्या कोळशाच्या विटा. दगडी कोळसा मुळीच नको, त्यात गंधक असतं. रॉकेलही ओतू नका, वास माशाला लागतो. निखाऱ्यांवर पांढुरकी राख चढली की जाळी ठेवा. पाऊस आला तरी पेटती शेगडी घरात नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वास नसतो.