अक्षरांचा रंग आणि वाचणाऱ्याचे डोळे



आपल्या समाजाला अक्षर सहजासहजी मिळालेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाटी-पुस्तकापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या घरात आज वर्तमानपत्र येते, मुले पदवीधर होतात, आणि आजी चष्मा लावून विहारातील फलक वाचते. म्हणूनच आपल्याकडे लिहिलेल्या अक्षराचे मोल अधिक आहे. असे असताना विहाराच्या फलकावरची सूचना, जयंतीचा कापडी फलक, शिष्यवृत्तीच्या मुदतीचा मोबाइलवरचा संदेश किंवा व्याख्यानात पडद्यावर दाखविलेला मजकूर केवळ रंगाची निवड चुकल्यामुळे वाचता येऊ नये, ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही. ज्याला ती सूचना वाचता आली नाही, त्याच्यापुरती ती लिहिलीच गेली नाही.

रंग ही हौसेची बाब आहे, असे आपण समजतो. सजावटीपुरते ते खरे आहे. परंतु अक्षराचा रंग आणि त्यामागील पार्श्वभूमीचा रंग यांची जोडी निवडण्यामागे एक शास्त्र आहे. ते अवघड नाही. प्रस्तुत लेखात त्याचीच ओळख करून घ्यावयाची आहे.

१. अक्षर दिसते कशामुळे?

कान्हेरीच्या लेण्यांत दानकर्त्यांचे ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेले आहेत. सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या कोरीव अक्षरांकडे बारकाईने पाहिले तर काय आढळते? अक्षरही दगडाच्याच रंगाचे असते आणि पार्श्वभूमीही त्याच दगडाची असते. रंगाचा फरक मुळीच नाही. तरीही तिरपा उजेड पडला की खाचेत सावली धरते आणि अक्षर उठून दिसते. उजेड समोरून सपाट पडला की तेच अक्षर दगडात मिसळून जाते.

यातून मुख्य सिद्धांत हाती येतो. अक्षर रंगामुळे वाचता येत नाही, तर उजळ आणि गडद यांच्यातील फरकामुळे वाचता येते. दोन रंग एकमेकांपासून कितीही वेगळे असोत, त्यांचा उजळपणा जवळजवळ सारखा असेल तर बारीक अक्षर वाचताना डोळ्यांना ताण पडतो. उलट एकाच रंगाच्या फिकट आणि गडद छटा घेतल्या तरी मजकूर सुखाने वाचता येतो.

२. फरक मोजण्याची रीत

संगणकाच्या जाळ्याची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००८ साली सुगम्यतेची जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हा फरक मोजण्याची रीत दिली आहे. शुद्ध पांढऱ्याचा उजळपणा १ आणि काळ्याचा ० धरतात. दोन्ही रंगांच्या उजळपणात प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहान संख्येने भागतात. पांढरा आणि काळा यांचे गुणोत्तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१ येते. याहून मोठे गुणोत्तर असू शकत नाही. दोन्ही रंग सारखेच असतील तर गुणोत्तर १ येते, म्हणजे अक्षर दिसतच नाही.

या मानकाप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ असावे आणि मोठ्या किंवा ठळक मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावे. अधिक चांगली सोय करावयाची असेल तर ते ७ असावे.

पडद्यावरील शुद्ध लाल रंगाचा उजळपणा सुमारे ०.२१, हिरव्याचा ०.७२ आणि निळ्याचा केवळ ०.०७ असतो. तिन्हींची बेरीज १ होते, कारण ते तिन्ही मिळून पडद्यावर पांढरा होतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, म्हणून त्याचा उजळपणा ०.९३ येतो. हे आकडे असे असण्याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. मनुष्याचा डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत अधिक आणि निळ्या प्रकाशाला फार कमी प्रतिसाद देतो. हा हिशेब पडद्याचा आहे. रंगविलेल्या भिंतीला किंवा कापडाला तो तंतोतंत लागू होत नसला, तरी तत्त्व तेच राहते.

३. पंचशील ध्वजाच्या रंगांतून धडा

आपला पंचशील ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी हे त्याचे रंग आपल्या कार्यक्रमांच्या प्रत्येक फलकावर असतात. ध्वज म्हणून ते शेजारी शेजारी शोभून दिसतात. परंतु यांपैकी कोणताही रंग अक्षराला आणि कोणताही पार्श्वभूमीला वापरून चालत नाही. पडद्यावरील शुद्ध रंग घेतले तर सुमारे अशी गुणोत्तरे येतात :

पांढऱ्यावर निळा — ८.६ (उत्तम)
निळ्यावर पिवळा — ८ (उत्तम)
पांढऱ्यावर तांबडा — ४ (मोठ्या अक्षरांना चालेल, बारीक अक्षरांना अपुरा)
तांबड्यावर पिवळा — ३.७ (केवळ मोठ्या अक्षरांना)
निळ्यावर तांबडा — २.१ (वर्ज्य)
पांढऱ्यावर केशरी — २ (वर्ज्य)
पांढऱ्यावर पिवळा — १.१ (अक्षर जवळजवळ अदृश्य)

तक्त्यातील शेवटची जोडी नीट पाहावी. पांढऱ्या कागदावर पिवळ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे जवळपास न लिहिणेच होय. तोच पिवळा काळ्यावर घेतला तर गुणोत्तर १९ च्या पुढे जाते. रंग चांगला किंवा वाईट नसतो, जोडी चांगली किंवा वाईट असते.

निळ्यावर तांबडा या जोडीत आणखी एक दोष आहे. डोळ्यातील भिंग लाल आणि निळ्या प्रकाशाला एकाच ठिकाणी केंद्रित करू शकत नाही. त्यामुळे अक्षरे हलल्यासारखी, पुढे-मागे झाल्यासारखी भासतात आणि थोड्याच वेळात डोळे शिणतात.

छटेचाही विचार करावा लागतो. निळा रंग आपल्या चळवळीचा, म्हणून तो सर्वत्र असतो. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. पण त्याच निळ्याची फिकट आकाशी छटा घेतली की पांढऱ्याशी गुणोत्तर २ च्याही खाली घसरते. तांबड्याऐवजी गडद मरून घेतला तर पांढऱ्यावर तो ११ च्या आसपास पोहोचतो. भडक हिरव्यावर पांढरी अक्षरे बुडून जातात (१.४), तर गडद हिरव्यावर ती ठसठशीत उठतात (७ च्या वर). यास्तव ‘निळा द्या’, ‘हिरवा द्या’ एवढे छपाईवाल्याला सांगणे पुरेसे नाही. ‘गडद द्या’ हेही सांगितले पाहिजे.

४. सर्वांचे डोळे सारखे नसतात

फलक तयार करणारा बहुधा तरुण असतो. तो चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून पाहतो आणि मजकूर त्याला पाठच असतो. वाचणाऱ्याची स्थिती तशी नसते.

वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि आत कमी प्रकाश शिरतो. निळा, जांभळा आणि काळा यांतील भेद वृद्धांना नीट कळत नाही. मोतीबिंदू असेल तर प्रकाश विखुरतो आणि फिकट अक्षर धुक्यात गेल्यासारखे दिसते. शिवाय, ज्यांनी मोठेपणी प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरओळख करून घेतली, ते एकेक अक्षर जुळवत वाचतात. अंधूक अक्षराचा अंदाज बांधण्याचा सराव त्यांना नसतो.

दुसरा प्रकार रंगांधत्वाचा. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टर येथे आपल्या स्वतःच्या रंगदृष्टीतील दोषाविषयी निबंध वाचला होता. या दोषात बहुधा लाल आणि हिरव्यातील भेद कळत नाही. तो आनुवंशिक असून स्त्रियांपेक्षा पुरुषांत खूप अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १२ पुरुषांमागे एकाला तो असतो. जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेले ठिपक्यांचे तक्ते आजही तपासणीसाठी वापरतात. रेल्वेच्या नोकरीची वैद्यकीय तपासणी दिलेल्या तरुणांना ते परिचित असतील. अनेकांना आपल्यात हा दोष असल्याचे त्या तपासणीपर्यंत ठाऊकही नसते.

म्हणून केवळ रंगावर अर्थ सोपवू नये. ‘लाल अक्षरांतील विद्यार्थ्यांनी कागदपत्रे त्वरित आणावीत’ अशी सूचना लावली तर काहींना आपले नाव त्यात आहे की नाही हेच कळणार नाही. नावापुढे फुली करावी किंवा ‘कागदपत्रे बाकी’ असे शब्द लिहावेत. रंग सोबतीला असावा, एकटा नसावा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात माहिती सर्वांना सुगम असावी, हे तत्त्व मान्य केले आहे. ते केवळ शासनाने पाळावे आणि संस्थांनी पाळू नये, असे कसे म्हणता येईल?

५. देवनागरीची विशेष गरज

आपल्या लिपीत अर्थाचा मोठा भार लहान खुणांवर असतो. अनुस्वार, रफार, मात्रा आणि जोडाक्षरातील अर्धे अक्षर या सर्व बारीक गोष्टी आहेत. रंग फिकट झाला की आधी याच नाहीशा होतात. अनुस्वार गेला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो. एखाद्या पाली शब्दातील किंवा व्यक्तीच्या नावातील खूण दिसली नाही तर नवा वाचक तो शब्द कायमचा चुकीचाच शिकतो. म्हणून देवनागरी मजकुराला किमान ४.५ वर समाधान न मानता ७ च्या पुढे जाणे हिताचे आहे.

छपाईत आणखी एक दक्षता घ्यावी. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे छापली तर शाई पसरून त्यांच्या पोकळ्या बुजतात. शीर्षक तसे छापावे, परंतु सलग मजकूर पांढऱ्यावर काळाच असावा.

६. व्यवहारातील दाखले

रेल्वे स्थानकाच्या नावाची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. शाळेच्या पिवळ्या बसवरही काळीच अक्षरे असतात. टॅक्सी-ट्रकच्या क्रमांकाची पाटी पिवळ्यावर काळी, तर खाजगी मोटारीची पांढऱ्यावर काळी असते. ज्या ठिकाणी अक्षर वाचलेच गेले पाहिजे, त्या ठिकाणी जोडी अशीच निवडलेली आढळते.

बँकेतील दाखलाही उद्बोधक आहे. पूर्वी चेकचा कागदच एका बँकेतून दुसरीकडे जात असे. २००८ साली नवी दिल्लीत चेकची प्रतिमा पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती देशभर लागू झाली. या प्रतिमा करड्या छटांत आणि काळ्या-पांढऱ्यात घेतल्या जातात, त्यांत रंग उतरत नाही. त्यामुळे चेकच्या कागदावरील नक्षी फिकट ठेवलेली असते आणि ग्राहकांनी गडद शाईने लिहावे, अशी सूचना असते. फिकट शाईतील रक्कम डोळ्यांना दिसते, पण प्रतिमेत पुसट होते.

हीच कसोटी आपण वापरू शकतो. फलकाचा किंवा संदेशाचा नमुना तयार झाला की मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊन ते काळे-पांढरे करावे, अथवा त्याची साधी झेरॉक्स काढावी. रंग गेल्यावरही प्रत्येक शब्द वाचता आला तर निवड योग्य आहे. न आला तर रंग बदलावा. यास खर्च नाही आणि गणिताचीही गरज नाही.

७. कार्यकर्त्यांसाठी नियम

(१) पार्श्वभूमी फिकट तर अक्षर गडद, पार्श्वभूमी गडद तर अक्षर उजळ. मधल्या छटा टाळाव्यात.
(२) सलग मजकूर एकाच रंगात असावा. शीर्षकासाठी आणखी एक रंग पुरे. प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात लिहिल्याने कोणतीच ओळ महत्त्वाची राहत नाही.
(३) जोर द्यावयाचा असेल तर अक्षर ठळक करावे किंवा मजकुराला चौकट करावी.
(४) भगवान बुद्धांच्या किंवा बाबासाहेबांच्या छायाचित्रावर मजकूर छापू नये. छायाचित्रात उजळ आणि गडद भाग मिसळलेले असतात, त्यामुळे अर्धी ओळ दिसते आणि अर्धी बुडते. मजकुरासाठी एकरंगी पट्टी वेगळी सोडावी. त्यात प्रतिमेचा आदरही राहतो.
(५) तारीख, वेळ, स्थळ आणि अर्जाची मुदत नेहमी सर्वांत स्पष्ट जोडीत लिहावी.
(६) छापण्यापूर्वी नमुना साठी उलटलेल्या एका व्यक्तीला, संध्याकाळच्या उजेडात, दहा पावलांवरून वाचावयास सांगावा.
(७) काळ्या फळ्यावर शिकविताना पांढरा किंवा पिवळा खडू वापरावा. लाल-निळ्या खडूचे लेखन मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

विद्यार्थ्यांसाठी सराव

(अ) लाल ०.२१ आणि निळा ०.०७ हे उजळपण घेऊन गुणोत्तर काढा. ते तक्त्याशी ताडून पाहा.
(आ) हिरवा ०.७२ आणि लाल ०.२१ यांचे गुणोत्तर काढा. ही जोडी वर्ज्य ठरण्याचे दुसरे कारण कोणते?
(इ) आपल्या वस्तीतील पाच फलक पाहून प्रत्येकाची रंगजोडी लिहा. कोणता फलक रस्त्यापलीकडून वाचता आला?

समारोप

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्धवचने छंदोबद्ध, संस्कारित भाषेत घालावीत, अशी विनंती दोन भिक्खूंनी केली असता भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. अशोकानेही आपले लेख लोकांच्या बोलीत आणि त्या त्या प्रदेशाच्या लिपीत कोरविले. दोन्ही ठिकाणी दृष्टी एकच होती. बोलणाऱ्याची प्रतिष्ठा नव्हे, तर ऐकणाऱ्याची सोय पाहिली गेली.

अक्षरांचा रंग निवडतानाही हाच विचार ठेवावयास हवा. आपल्याला कोणता रंग आवडतो, हा प्रश्न नंतरचा. मागच्या रांगेतील आजोबांना, मोतीबिंदू झालेल्या मावशींना आणि लाल-हिरवे न ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला वाचता येईल का, हा प्रश्न आधीचा. सर्वांत दुबळ्या डोळ्यांना जे वाचता येते, ते सर्वांनाच वाचता येते. आपल्या संस्थेचा यापुढील प्रत्येक फलक या कसोटीला उतरावा, हीच मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!