काळ्या कापडावर काळा दोरा

मार्चमध्ये एका बाईने राणी रंगाचं ब्लाउजपीस शिवायला दिलं. लग्नसराईच्या घाईत ते खिडकीशेजारच्या फळीवर तीन आठवडे पडून राहिलं. कापायला घेतलं, घडी उलगडली, तर मधोमध चार बोटं रुंद फिका पट्टा. घडीचा जेवढा भाग वर होता तेवढाच उन्हाने खाल्लेला. पीस पदरचं भरून द्यावं लागलं. तो पट्टा मी कापून टाचण्यांच्या डब्यात ठेवलाय.

आमचं घर उंबरमाळीत, खर्डी आणि कसाऱ्याच्या मधे. सासऱ्यांचं जुनं घर कारवीच्या कुडाचं होतं. वर कौलं, पुढे पडवी, आणि खिडकी म्हणजे लाकडी गजांचा हातभर चौकोन. घर गार असायचं, पण भर दुपारीसुद्धा सुईत दोरा ओवायला पडवीत यावं लागे. त्याच जागी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा मी हट्ट धरला की माझ्या शिलाईच्या खोलीला पाच बाय चारच्या दोन स्लायडिंग खिडक्या हव्यात, एक पश्चिमेला, एक उत्तरेला. उजेड मनासारखा आला. सोबत काय आलं ते पहिल्याच एप्रिलात कळलं. पुढचं सगळं त्या दोन खिडक्यांनी शिकवलेलं आहे.

१. ऊन कुठून येतं ते आधी एक उन्हाळा नीट बघावं.
मिस्त्री म्हणाला होता, "छज्जा दिलाय ना ताई, ऊन येणार नाही." छज्जा डोक्यावरच्या उन्हाला अडवतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. तेव्हा माझी खिडकी सावलीत असते. खरा त्रास तीननंतर. सूर्य खाली उतरतो आणि छज्ज्याच्या खालून सरळ मशीनवर येतो. उन्हाळ्यात तो नेमका पश्चिमेला मावळतही नाही, बराच उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून पाचनंतर उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन शिरतं. हे मला कोणी सांगितलं नाही. फरशीवर खडूने रेघा मारून मी ते पाहिलं. खडू तर हाताशीच असतो.
झाडाचा भरवसाही झाड बघूनच धरावा. आमच्या मागे साग आहेत, पावसाळ्यात ही मोठी पानं. पण ऐन एप्रिलात साग उघडाबोडका उभा असतो.

२. आतला पडदा उशिरा येतो.
मी जाड पडदा शिवला, अस्तर लावून. खोलीत अंधार झाला, उकाडा होता तसाच. कारण सोपं आहे: ऊन काच ओलांडून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि तापलेला पडदा आता खोलीतच आहे. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं.
म्हणून दुसऱ्या वर्षी ह्यांनी नर्सरीवाल्यांसारखी हिरवी शेडनेट बाहेरून बांधली. गारव्यासाठी एवढी स्वस्त आणि चांगली गोष्ट दुसरी नाही, हे मी आजही सांगेन. पण माझा धंदा रंगांचा. हिरव्या उजेडात मोरपंखी ब्लाउजला मी निळा दोरा लावला, आणि घरी नेल्यावर गिऱ्हाईक परत आलं. नेट उतरवली. ती आता मिरचीच्या रोपांवर आहे.

३. काळी फिल्म म्हणजे थंड फिल्म, हा गैरसमज.
पहिली फिल्म मी अशीच घेतली. दुकानदाराने गडद, बाहेरून आरशासारखी चमकणारी पुढे केली, स्वस्तही होती. ह्यांची शंका वेगळीच: "पोलीस पकडणार नाहीत ना?" सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एप्रिलमध्ये काळ्या फिल्मला मनाई केली ती गाड्यांच्या काचांपुरती, घराच्या खिडकीशी तिचा संबंध नाही. माझी अडचण कायद्याची नव्हतीच. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप मारताना मला दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागला. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे जो पाऊस आणि काळोख असतो, त्यात तर ती खोली परत जुन्या कुडाच्या घरात गेली.
गडद फिल्म बराच ताप स्वतः पिऊन घेते आणि काच तापवते. तापलेली काच आत पाठ करून बसलेल्या माणसाला जाणवतेच.

४. आरसा रात्री बाजू बदलतो.
हा धडा सगळ्यात महागात पडला असता. अशा फिल्ममधून दिवसा बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, त्याला स्वतःचंच तोंड दिसतं. मी निर्धास्त झाले आणि खिडकीचा पडदाच काढून टाकला. एका संध्याकाळी दिवा लावून गिऱ्हाइकाला ब्लाउज घालून बघायला सांगितलं. तेवढ्यात माझी मुलगी मागच्या अंगणातून धावत आली, "आई, सगळं दिसतंय!" ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला काच आरसा होते. सूर्य होता तोवर ती बाजू बाहेर होती, दिवा लावला आणि आत आली. त्या रात्रीच पडदा परत चढला. माप घ्यायची जागा मी आता आतल्या बोळात केली आहे.
आरशाचं आणखी एक गिऱ्हाईक होतं. दयाळ पक्ष्याचा नर. मार्चपासून रोज सकाळी येऊन काचेतल्या स्वतःशी भांडायचा, चोच आपटायचा, काचेवर घाण करून जायचा. विणीच्या दिवसांत त्याला तो दुसरा नर वाटतो, हद्दीत घुसलेला. मी बाहेरून वर्तमानपत्र लावलं तर तो पुढच्या काचेवर गेला.

५. काचेलाही ताण येतो.
एका मे महिन्यात दुपारी 'टक्' असा आवाज झाला. दगड नाही, चेंडू नाही. पश्चिमेच्या खिडकीची एक काच गेली होती. चीर काठापासून काटकोनात निघालेली आणि मग वळत वर गेलेली. दगडाची चीर असती तर मधून चांदणीसारखी फुटली असती. मी काय करायची, तर वारा यावा म्हणून एक झडप दुसरीच्या मागे सरकवून ठेवायची. दोन काचा एकमेकींच्या पाठीला पाठ, मधे कोंडलेला ताप, त्यात गडद फिल्म. काचेचा मधला भाग तापून पसरू बघतो, ॲल्युमिनियमच्या चौकटीत दबलेला काठ मात्र थंडच असतो. काठाला कापताना एखादा टवका उडालेला असेल तर तिथून ती सुटते. नवी काच बसवताना मी काठ घासून घ्यायला लावले, आणि ऊन असताना झडपा एकमेकींवर आणायच्या नाहीत असा घरात नियम केला.

६. दिव्याच्या खेळाला भुलू नये.
दुसऱ्या खेपेला फिल्म लावायला आलेला मुलगा प्रामाणिक होता. त्याच्या पेटीत एक तापणारा दिवा होता. एका काचेच्या तुकड्याला फिल्म, एकाला नाही. मागे हात धरा. फरक एवढा की माणूस तिथेच पैसे काढेल. मग तोच म्हणाला, "ताई, हा दिवा आहे, ऊन नाही." त्या दिव्यातून बहुतेक सगळे न दिसणारे, तापवणारे किरण निघतात. उन्हात तसं नाही. उन्हाच्या तापातला साधारण निम्मा वाटा त्या न दिसणाऱ्या किरणांचा; उरलेल्यात जवळजवळ सगळा आपण ज्याला उजेड म्हणतो त्याचाच. उजेडही कापडावर, फरशीवर पडून शेवटी तापच होतो. म्हणून उजेड पुरा ठेवून सगळा ताप काढून घेणारी फिल्म असूच शकत नाही.
खोक्यावर '९५ टक्के उष्णता रोखते' असं छापलेलं असलं तर तो आकडा बहुतेक वेळा फक्त त्या न दिसणाऱ्या किरणांचा असतो. विचारायचे आकडे दोन: उजेड किती आत येतो, आणि उन्हातला एकूण ताप किती अडतो. मी घेतलेल्या, जवळजवळ पांढऱ्या दिसणाऱ्या फिल्ममधून शंभरात सत्तर भाग उजेड येतो आणि एकूण ताप निम्म्याच्या आसपास अडतो. गडद फिल्मपेक्षा ती बरीच महाग होती. पण फुटामागे जास्त गेलेले पैसे मी बल्बच्या बिलात आणि डोळ्यांत मोजते. तिच्यात धातूचा थरही नाही, त्यामुळे मोबाइलची रेंज गेली नाही. आमच्याकडे आधीच ती खिडकीशी उभं राहून शोधावी लागते.

७. चिकटवण्याचं काम पाण्याचं आणि धीराचं.
फिल्म लावणारा मुलगा आला एप्रिलच्या शेवटी, म्हणजे पाण्याची सगळ्यात बोंब असते तेव्हा. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर. त्याला बादलीभर स्वच्छ पाणी देताना माझा हात जरा आखडला, खोटं कशाला सांगू.
पंखा बंद, दार बंद. आधी काच ओली करून त्याने ब्लेडने सगळीकडून खरवडली. जुन्या फिल्मचा चिकटा, रंगाचे ठिपके, महामार्गावरून येणारी बारीक धूळ. मग पाण्यात दोन-चार थेंब शाम्पू, काचेवर फवारा, फिल्मच्या चिकट बाजूवरही फवारा. ओली असेपर्यंत फिल्म काचेवर सरकते, मागेपुढे करून नेमकी बसवता येते. मग रबरी पट्टीने मधून काठाकडे पाणी ओढत आणलं, एकेक घास, अगदी आपण अस्तर खाली हाताने सपाट करतो तसं. काठाला नखाएवढीही नाही अशी फट त्याने मुद्दाम सोडली, फिल्म चौकटीच्या रबराला अडकून उचलली जाऊ नये म्हणून. एका कोपऱ्यात धुळीचा कण राहिला. तो अजून दिसतो. फक्त मलाच दिसतो.
दुसऱ्या दिवशी सगळ्या काचेवर दुधाळ ढग. मी घाबरून फोन केला. "राहू दे ताई, आतलं पाणी उडतंय." तीनेक आठवड्यांत काच स्वच्छ झाली. तोवर पुसायचं नाही.

८. पुसताना मऊ फडकं आणि साबणाचं साधं पाणी. वर्तमानपत्र नको, तिखट वासाचं काच पुसायचं औषध नको, आणि कॅलेंडर चिकटपट्टीने तिथे लावायचं नाही.

९. रंग तरीही उडतो.
फिल्म अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते, तेवढ्यावर मी खूश होते. पण कापड फिकं करायला उजेड आणि तापही हातभार लावतात. आता तीन आठवड्यांचं काम बहुधा तीन महिन्यांवर गेलं असेल, थांबलेलं नाही. गिऱ्हाइकांची कापडं आता कपाटात.

१०. आणि वर बघावं.
फिल्म लावली, डाव्या गालाला आणि खांद्याला बसणारा चटका गेला, मशीनचं चाक हाताला पोळेनासं झालं. तरी रात्री आठ वाजता खोली उबट. तो ताप खिडकीचा नव्हताच. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आत ओकत होता. खिडकीवर एवढा खर्च करायच्या आधी मी गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले असते तर थोडक्यात बराच फरक पडला असता. यंदा तसे दिले. इस्त्रीही सकाळी आठच्या आत उरकते. ती भट्टी मी स्वतःच दुपारी पेटवत होते. आणि दहानंतर खिडक्या बंद, सूर्य बुडाला की सताड उघड्या. कसारा घाटाच्या बाजूने वारा येतो, त्याला फिल्मची गरज नाही.

११. एक काच कोरी ठेवावी.
फिल्म लावणारा मुलगा उत्तरेच्या खिडकीची दुसरी झडप करायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. पांढरी म्हटली तरी फिल्मची किंचित छटा असतेच. तो म्हणाला, "एकच सोडली तर वेगळी दिसेल." दिसू दे. पाचनंतर तिच्यातून थोडं ऊन येतं, तेवढं मी सोसते. रीळ निवडायची असली की उठून त्या काचेशी जाते, कापड आणि दोरा शेजारी धरते. निळा कोणता, काळा कोणता, ते तिथेच कळतं.