जोडीने करा शेती-सहल : डोंगरकडा ते रावेर



शिवारफेरी, पीक प्रात्यक्षिक किंवा अभ्यास सहल म्हटली की गावातून जीप भरून पुरुष मंडळी जातात. परत येऊन घरात सांगतात, "तिकडे असे करतात, आपणही करू." परंतु हळदीची निंदणी, काढणीनंतर गड्डे-हळकुंडे वेगळी करणे, वाळवणे, केळीच्या बागेत मजुरांमागे उभे राहणे ही कामे ज्या बाईच्या अंगावर पडणार, तिने ते तंत्र डोळ्यांनी पाहिलेलेच नसते. मग नवे तंत्र पहिल्याच हंगामात अडखळते, कर्ज मात्र दोघांच्या डोक्यावर राहते. म्हणून सहलीला नवरा-बायकोने मिळून जावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. डोंगरकडा आणि परिसरातील केळी व हळद उत्पादकांना सोयीचा होईल असा एक मार्ग पुढे देत आहोत.

केव्हा निघावे?

हळदीची भरणी उरकलेली असते आणि सोयाबीन काढणीला अवकाश असतो, असे पंधरा-वीस दिवस पोळ्यानंतर मिळतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा रब्बी पीक मेळावा साधारणपणे १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी भरतो. त्या दिवशी परभणीत पोहोचता आले तर उत्तम. तारखेची खात्री मात्र आधी करावी. जनावरांच्या चारा-पाण्याची जबाबदारी भावकीत कोणावर तरी सोपवल्याशिवाय निघू नये, नाहीतर निम्मे लक्ष गोठ्याकडे राहते.

स्वतःची गाडी असल्यास वाटेत हवे तिथे थांबता येते. नसल्यास एस.टी. आहेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या तिकिटात निम्मी सवलत मिळते, म्हणजे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. मोटारसायकलवर इतका लांब पल्ला, तोही पावसाळ्यात, गाठू नये.

नांदेड, वसमत, परभणी

पहिला मुक्काम लांबचा नाही. अर्धापूरमार्गे नांदेडला गेल्यावर विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र पाहावे. आपल्या जमिनीला, आपल्या हवामानाला काय मानवते हे सांगणारी माणसे घराजवळ असताना थेट जळगाव गाठणे बरोबर नाही. तिथून वसमत. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बेण्याची निवड, कंदकुज आणि शिजवणी या तीन गोष्टींवरच प्रश्न विचारावेत. सगळेच विचारायला गेले की काहीच पदरात पडत नाही. परभणीस विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून रब्बीचे बियाणे व प्रकाशने घ्यावीत.

जालना : रेशीम कोष

परभणीहून जिंतूर, मंठामार्गे जालना. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांची खरेदी होते. रेशीम हा खऱ्या अर्थाने जोडीचा धंदा आहे. अंडी फुटल्यापासून कोष होईपर्यंत सुमारे महिनाभर लागतो. बाल्य कीटक संगोपन केंद्रातून अळ्या आणल्यास आपल्याकडचे काम आणखी कमी दिवसांत संपते. पण ते दिवस घर सोडता येत नाही, शेवटच्या अवस्थेत अळ्या पाला अक्षरशः फस्त करतात. तेव्हा कोष घेऊन आलेल्या शेतकऱ्याला भाव विचाराच. त्याच्यासोबत आलेल्या बाईंना मात्र पहाटे किती वाजता उठावे लागते, पाला कोण कापते आणि शेजारच्या शेतातली फवारणी पाल्यावर आली तर काय होते, हे विचारावे. ही उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत.

जालन्याहून भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश सुरू होतो. वाटेत अजिंठ्याची लेणी जरूर पाहावीत, फक्त सोमवारी ती बंद असतात.

रावेर, सावद्याची केळी

जळगाव, भुसावळ ओलांडून सावदा-रावेर पट्ट्यात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच दिसते. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथे दोन मुक्काम करावेत. ऊती संवर्धित रोपे, गादीवाफा, ठिबकमधून खते, घडावरील जादा फण्यांची विरळणी, केळफूल वेळेवर मोडणे, घडाला पिशवी घालणे, वाऱ्यापासून बचावासाठी बांधाला शेवरीची दाट ओळ, हे सर्व एकाच शिवारात पाहायला मिळते. काढणीच्या वेळी घड जमिनीवर न टेकवता कसा वाहतात, ते जवळ उभे राहून पाहावे. आपल्याकडे भाव पडतो त्यात सालीवरील डागांचा वाटा मोठा असतो.

बागायतदार बहुधा आपला सर्वांत मोठा घड दाखवतील. तो पाहून घ्यावा, पण प्रश्न वेगळा विचारावा. ५ × ५ फूट अंतराने एकरी साधारण १,७४० झाडे बसतात. त्यातली किती निसवली, किती मोडली, किती घड व्यापाऱ्याने बाजूला काढले? सरासरी त्यातून निघते. दुसरा प्रश्न, ज्या वर्षी बाग बसली नाही त्या वर्षी काय झाले? पतीने व पत्नीने आपापली वही वेगळी ठेवावी आणि रात्री मुक्कामी ताडून पाहावी. एकाने "ठिबकचा खर्च" लिहिलेला असतो, दुसरीने "फण्या काढायला चार बायका, शिडीसह" लिहिलेले असते. दोन्ही मिळून हिशेब पुरा होतो.

तापीकाठची खोल गाळाची जमीन आणि आपली चिकण काळी जमीन यांत फरक आहे. तिथली गादीची उंची, पाण्याचे तास जसेच्या तसे उचलू नयेत. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवरच करून पाहावे.

हिरव्या डोंगरावरचे वरंबे

येथे थोडे दूरचे उदाहरण देतो. आपल्याकडील काही मुले नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये आहेत. आई-वडील भेटीला गेले की मोटारीतून तिथला हिरवागार मुलूख दाखवतात. त्या देशाच्या पश्चिम भागात डोंगरउतारांवर गवताखाली सरळ समांतर वरंबे अजून दिसतात. ते जुन्या बटाट्याच्या शेतांचे आहेत. तिथल्या गरीब कुळांचे सारे पोट बटाट्यावर, तोही प्रामुख्याने ‘लंपर’ या एकाच वाणावर अवलंबून होते. १८४५ मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. उतारावरचे कित्येक वरंबे पुन्हा लावले गेले नाहीत.

केळीची गोष्ट निराळी नाही. ‘ग्रो मिशेल’ हा जगभर विकला जाणारा वाण पनामा मर रोगाने १९६० च्या सुमारास व्यापारातून उठला. त्याच्या जागी कॅव्हेंडिश गटातील वाण आले. आपला ग्रँड नैन त्याच गटातला. आता ‘टीआर-४’ ही मर रोगाची नवी जात या गटालाही मारते आणि ती आपल्या देशात बिहार व उत्तर प्रदेशात आढळली आहे. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. मुनवे, माती, पाणी आणि अवजारे यांतून ती पसरते.

सहलीशी याचा थेट संबंध आहे. दुसऱ्याच्या बागेतून आवडलेला मुनवा पिशवीत घालून आणण्याची आपल्याला फार हौस असते. तो आणू नये, कोणी प्रेमाने दिला तरी घेऊ नये. हळदीच्या बेण्यातून कंदकुजही अशीच घरी येते. कुकुंबर मोझॅक, म्हणजे हरण्या रोग, रोगट रोपांतून येतो आणि मावा तो पसरवतो. म्हणून बागेजवळ काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो लावणे टाळावे आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. बागेत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. बाहेर पडताच चपला-बुटांची माती तिथेच घासून धुवावी.

परतीचा मार्ग

परतताना मुक्ताईनगर, मलकापूर, बुलढाणा, चिखली, मेहकर, वाशीम या रस्त्याने यावे. पाहिलेलेच पुन्हा पाहण्यापेक्षा हे बरे. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीचा लिलाव चालू असल्यास तासभर थांबावे आणि आपल्या मालासारख्या ढिगाला काय बोली लागते ते वहीत टिपावे. पुढे कळमनुरी, आखाडा बाळापूर, आणि वारंगा फाट्यावरची खिचडी खाल्ली की घर आलेच.

घरी पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत दोन्ही वह्या घेऊन तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे, सोबत आपल्या शेताचा माती परीक्षण अहवाल असावा. प्रवासात घातलेल्या चपला तोपर्यंत शिवारात नेऊ नयेत.